नऊशे बारा पानांच्या ओव्हाळबाई

शिरूरच्या एका वाचनालयात एका कादंबरीचे तीन तुकडे केलेले होते. पुस्तक नऊशे बारा पानांचं. धरून वाचताना मनगट दुखतं अशी वाचकांची तक्रार होती, आणि प्रत एकच असल्यामुळे नंबर लागायला महिने जात. ग्रंथपालांनी शिलाई उसवली, तीन भाग केले, प्रत्येकाला जाड पुठ्ठा लावला आणि वर लाल शाईने एक, दोन, तीन असे आकडे घातले. आता एका वेळी तिघे वाचू लागले. मग दुसरा भाग कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टला जाणाऱ्या एका वाचकाबरोबर गेला आणि परत आलाच नाही. पहिला भाग संपवलेली माणसं रोज काउंटरवर येऊन भांडू लागली. एकाचा धीर सुटला, त्याने थेट तिसरा भाग नेला. आठ दिवसांनी परत करताना तो म्हणाला, "भ्या वाटलं बरं का. कशाचं ते काय कळलं न्हाई."

मी तेव्हा शिरूर आणि दौंडची बातमीदारी नव्याने करत होतो. आतल्या पानावर तळाला दहा ओळींची जागा होती आणि ही बातमी तिथे बसण्यासारखी होती. कादंबरीचं नाव 'टळटळीत'. लेखक श. ल. ओव्हाळ. ग्रंथपालांना एवढंच माहीत होतं की हे गृहस्थ दौंडला रेल्वेत आहेत. "भुताखेताचं लिहितात म्हणजे दाढीबिढी असणार," असंही ते म्हणाले.

दौंड जंक्शनच्या चौकशी खिडकीवर मी विचारलं, "ओव्हाळसाहेब कुठे भेटतील?" आत सुती साडीतल्या एक बाई माइकवर गाडीची घोषणा करत होत्या. त्यांनी हाताने थांबायची खूण केली. अमुक गाडी तीन तास उशिराने धावत आहे, प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, हे त्यांनी मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत सांगितलं. मग माइक बंद करून म्हणाल्या, "साहेब नाहीत. मीच आहे. शकुंतला लक्ष्मण ओव्हाळ. बोला."

मधला भाग हरवल्याचं मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"दोनशे नव्वदपासून सहाशेपर्यंत?"

"साधारण तेवढाच."

"मग वाचणाऱ्यांचे हालच आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या प्रतीतली ती पानं ब्लेडने कापली, कापडात शिवली आणि ओळखीच्या कंडक्टरच्या हाती शिरूरला पाठवून दिली. त्यांच्याकडे ती एकच प्रत होती. माझी बातमी दहा ओळींचीच आली.

चरित्र म्हणून सांगण्यासारखं फार नाही. यजमान रेल्वेतच होते, लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. नोकरीच्या काळात त्यांनी सात कादंबऱ्या लिहिल्या, सगळ्या भयाच्या, आणि पाचशे पानांच्या आतली एकही नाही. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या.

त्यांच्या घरी येणारा प्रत्येक जण एक प्रश्न विचारायचाच. तुमचा भुतांवर विश्वास आहे का? त्या बौद्ध. घरात बुद्धाची एक लहान मूर्ती आणि पुस्तकांचं कपाट, बाकी भिंती मोकळ्या. "नाही," असं त्या सांगत. मग लिहिता कशाला? "माणसं भितात म्हणून. भुतं असती तर लिहायची गरज नव्हती. लोकांनी जाऊन बघितली असती."

भयाबद्दल त्यांचे दोन नियम होते आणि ते त्यांनी कधी मोडले नाहीत. पहिला, भीती दिवसा दाखवायची. "अंधारात कुणीही भितं, त्यात लेखकाचं काय? दुपारी बाराला, उन्हात, भाकरी खाता खाता माणूस दचकला पाहिजे." त्यांच्या कादंबऱ्यांत अमावस्या नव्हती, वटवाघूळ नव्हतं, कुत्री रडत नव्हती. 'टळटळीत'मध्ये ऐन दुपारी उसाच्या बांधावरून एक बाई चालत येते. तेव्हा सगळ्यांच्या सावल्या पायाखाली असतात. हिची सावली हातभर पुढे असते. एवढंच. पुढची चाळीस पानं त्या सावलीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, आणि वाचणाऱ्याचा जीव मात्र तिथेच अडकतो.

दुसरा नियम आवाजाचा. गाडी वेळेवर असो की चार तास उशिरा, घोषणा एकाच सुरात करायची असते. सगळ्यात वाईट वाक्य सगळ्यात सपाट आवाजात लिहायचं, असं त्या म्हणत. बातमीदारीत हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तिथे शिकलो.

लिहून झालेलं प्रकरण रेल्वे कॉलनीतल्या बायकांवर तपासलं जाई. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात शेजारच्या सिंधूताई आणि नसीमभाभी तांदूळ निवडायला बसत. बाई वाचत आणि चष्म्यावरून दोघींकडे लक्ष ठेवत. निवडता निवडता कुणी मागे वळून बघितलं की त्या पानावर बारीक टिंब करायच्या. टिंब नसलेलं पान पुन्हा लिहायचं.

"मी न्हाई हां बघितलं," सिंधूताई म्हणायच्या. "मान अवघडली हुती."

"झूठ मत बोल," नसीमभाभी म्हणायच्या. "और बाई, आगे पढो, पर मेरे को दीवार से टेकके बैठने दो. पीठ खुली नहीं चाहिए."

"भिंतीला टेकून बसलात तर मागे कसं बघाल? माझं काम कसं व्हायचं?"

"तुम्हारा काम होता है, मेरा चावल में कंकर रह जाता है."

बाई निवृत्त झाल्या आणि दौंडमध्येच दोन खोल्या घेऊन राहिल्या. त्यानंतर दोनेक वर्षांनी मालिकावाले आले. तिघे होते, मुंबईहून. कादंबरी त्यांनी आणली नव्हती, तिचा दोन पानांचा सारांश आणला होता. त्या दिवशी मी तिथे होतो.

त्यातला दिग्दर्शक तरुण होता आणि वागायला अदबीचा. म्हणाला, "मॅडम, कथानक भारीच आहे. फक्त दुपारचं जरा बघावं लागेल. दुपारी भूत चालत नाही. लायटिंगचा प्रॉब्लेम होतो."

"लोकांनाही उन्हाचा प्रॉब्लेम होतो," बाई म्हणाल्या. "म्हणून तर लिहिलं."

"तुम्हाला स्वतःला कधी काही दिसलंय का, मॅडम?"

"दिसलंय ना."

तिघे पुढे सरकले.

"माणसं," बाई म्हणाल्या. "चहा घ्या."

करार चौदा पानांचा होता. बाईंनी प्रत्येक पानाच्या तळाला सही केली. एकही पान वाचलं नाही. गाडीच्या वेळापत्रकातली छपाईची चूक शोधून काढणारी ही बाई. मला नवल वाटलं, विचारलं नाही.

त्या सहीमागे काय होतं ते पुढे कळलं. ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही.

राहू गावाच्या पलीकडे, नदीच्या अंगाला एक वस्ती आहे. तिचं नाव देत नाही. तिथली माणसं तिथेच राहतात. बाईंचा जन्म तिथल्या बौद्धवाड्यातला. वस्तीवर हौसाबाई नावाची एक म्हातारी आहे, ऐंशीच्या पुढची. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणाऱ्या आणि आता शेती करणाऱ्या घरातली. सगळी वस्ती तिला हौसामावशी म्हणते. साठ वर्षं तिने एकच काम केलं. नवजात बाळांना न्हाऊ घातलं. पाटावर बसून पाय लांब करायचे, बाळाला नडगीवर पालथं घ्यायचं, तेल चोळायचं, नाक-डोकं सारखं करायचं, कढत पाणी घालायचं आणि ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची. वस्तीतली तीन पिढ्यांची डोकी तिच्या हातांनी गोल केलेली आहेत. त्यात शकुंतलाबाईंचं डोकंही होतं.

पहिला तांब्या घालण्याआधी हौसामावशी बाळाच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटते. काय, ते दूर बसलेल्या आईला ऐकू जात नाही.

'टळटळीत'ची चंद्रा ही हौसामावशी होती. कादंबरीतल्या गावात उन्हाळ्यात तापाची साथ येते, बाळं दगावू लागतात, आणि चंद्राच्या पुटपुटण्यावर एकेकाची नजर जाते. सहाशे पानं वाचणाऱ्यालाही तिचाच संशय येतो. लेखिकेने तो मुद्दाम आणलेला आहे. ती पुढे चालणारी सावलीही तिचीच. मग गाव चंद्राचं जे काही करायचं ते करतं. आणि शेवटच्या पानावर, सगळं संपल्यानंतर, ती काय पुटपुटत होती ते आपल्याला कळतं. 'भिऊ नगं, पानी हाय.'

हौसामावशीला वाचता येत नव्हतं. आपल्यावर नऊशे पानं लिहिली आहेत हे तिला ऐकून माहीत होतं. बाईंनी तिला ती कधी वाचून दाखवली नव्हती. तोंडासमोर कसं वाचायचं, असा संकोच. टीव्हीवर आलं तर मावशी बघेल, एवढ्यासाठी त्यांनी चौदा सह्या केल्या होत्या.

मालिका सुरू झाली. नाव बदललेलं होतं, वेळ संध्याकाळची, घराघरात टीव्ही चालू असण्याची. चंद्राचे केस मोकळे, डोळे घारे. पुटपुटणं हा मंत्र ठरला. ती ज्या बाळाला न्हाऊ घाले ते पुढच्या तिसऱ्या भागात मरे. चाळिसाव्या भागात एक बाबा आले, त्यांच्या गळ्यात माळा, हातात भस्म. कादंबरीत बाबा नव्हते. बाईंच्या सातही कादंबऱ्यांत एकही बाबा नव्हता.

वस्तीतल्या माणसांना चंद्रा कोण ते ओळखायला फार वेळ लागला नाही. 'आपल्या वस्तीच्या पोरीची शिरेल' म्हणून सगळे बघतच होते. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त हौसामावशीला बोलावणं बंद झालं. तीन बाळंतपणं झाली, तिन्ही बाळांना घरच्यांनीच अंघोळ घातली. तान्ह्याला कडेवर घेतलेली बाई मावशीच्या दारावरून जाताना पदर ओढून घेई.

बाईंचा मला फोन आला. "मोटारसायकल आहे ना? मला वस्तीवर सोडा." पिशवीत दोन साड्या आणि 'टळटळीत'ची मागाहून मिळवलेली अखंड, जाड प्रत होती. 

हौसामावशी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. बाई समोर उभ्या राहिल्या. मावशीने वर बघितलं.

"आलीस व्हय? मला लई गोरी केलीस टीव्हीत."

"मी नाही केली, मावशी."

"आन् क्यास मोकळे! न्हाऊ घालताना क्यास मोकळे सोडतंय का कुनी? बाळाच्या तोंडात जात्याल. एवढं तरी सांगायचं त्यास्नी."

"मी कागद न वाचता सही केली, मावशी."

म्हातारीने शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "नऊशे पानं लिवनारीनं? किती पानं हुती?"

"चौदा."

"चौदा," मावशी म्हणाली. मग आवाज खाली गेला. "तीन म्हयनं झालं गं. एक बाळ न्हाई हाताला. हात नुसतं पडून हायेत."

बाईंनी दिग्दर्शकाला फोन लावला, ओट्यावरूनच. आवाज घोषणेचा, चढला नाही. तोही नम्रपणे बोलला. बदल करायचा अधिकार करारात दिलेला आहे, मॅडम, पान नऊ. पण तुमच्या भावनांचा आदर करून आम्ही सुरुवातीला सूचना टाकू. पुढच्या आठवड्यापासून पडद्याच्या तळाशी एक ओळ दिसू लागली, की सर्व पात्रं काल्पनिक आहेत. ती दोन सेकंद राहायची. वस्तीतल्या निम्म्या जणांना तेवढ्या वेळात वाचता येत नव्हतं, उरलेल्यांना वाचायचं नव्हतं.

मी बातमी करतो म्हणालो. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, पोलिसांकडेही जाता येईल.

"बातमीत काय लिहाल? या म्हातारीला लोक हडळ समजतात, असंच ना?" बाई म्हणाल्या. "आज वस्ती समजते. उद्या तालुका समजेल."

"मग करणार काय?"

"वाचणार. लांब पुस्तकाचा एक फायदा असतो. माणसं रोज परत येतात."

दुसऱ्या दिवशीपासून दुपारी बारा ते दीड त्या हौसामावशीच्या ओट्यावर बसून 'टळटळीत' पहिल्या पानापासून मोठ्याने वाचू लागल्या. पहिल्या दिवशी ऐकायला एकटी मावशी होती आणि ती अकराव्या पानावर झोपली. चौथ्या दिवशी खुरपणीवरून येणाऱ्या दोघी लिंबाच्या सावलीत टेकल्या. मी आठवड्यातून एकदा जायचो. दुसऱ्या आठवड्यात सात जणी होत्या, तिसऱ्यात चौदा आणि एक निवृत्त तलाठी.

सगळ्या जणी संध्याकाळी मालिका बघत आणि दुपारी पुस्तक ऐकत. त्यामुळे हिशेब जुळेना.

"टीव्हीत तर तिनं आत्तापातूर दोन पोरं खाल्ली."

"पुस्तकात तिनं अजून भाकरबी खाल्ली न्हाई. सकाळधरनं कामच करतीया."

"बाई, बाबा कवा येत्यात?"

"यात बाबा नाहीत," ओव्हाळबाई म्हणायच्या.

"मंग वाचिवतं कोन?"

"ऐका."

तानूबाई नावाची एक करारी बाई होती. तिची सून रेश्मा नुकतीच बाळंत झालेली, मुलगा कुरकुंभला शिफ्टवर. तानूबाई कधी खाली बसली नाही. कमरेवर घागर घेऊन लिंबाआड उभी राहायची, पाण्याला चाललेय असं सांगून. घागर मात्र तासभर रिकामीच असायची. एकदा तिने तिथूनच विचारलं, "ती कानात काय बोलती ते सांगून टाका की एकदाचं."

मलाही तेच वाटत होतं. त्या दिवशी परत निघताना मी बाईंना म्हणालो, शेवटचं पान आधी वाचून टाका. मावशीचं काम होऊन जाईल.

त्यांनी मान हलवली. "आधी सांगितलं तर ती माझी सफाई होईल. सफाईवर कुणी विश्वास ठेवत नाही. त्यांना आधी तिचा संशय यायला हवा, माझ्या पुस्तकातून, माझ्यासमोर. मग त्यांचं त्यांना कळेल."

हा त्यांचा हिशेब होता, आणि तो चुकला.

वाचन चारशेच्या पुढे गेलं. चंद्राच्या हातून न्हायलेल्या बाळाला ताप चढतो ती ही पानं. बाईंनी ती फार चांगली लिहिलेली आहेत. ऐकताना बायका मागे वळून बघू लागल्या. फक्त आता मान परत पुढे वळली की ओट्यावर, बाईंच्या मागे, भिंतीला टेकून, खरी हौसामावशी बसलेली दिसे. त्याच आठवड्यात रेश्माच्या बाळाला ताप आला. सव्वा महिन्याचं पोर, रात्रीतून दौंडच्या दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी साधा ताप म्हणून सांगितलं, दोन दिवसांत पोर घरीही आलं. हौसामावशीने त्याला बघितलंसुद्धा नव्हतं. पण तानूबाई वस्तीभर म्हणाली, "हात लावला न्हाई, खरं हाय. पर रोज दुपारी दारात त्येच वाचत्यात न्हवं का? नाव घेतल्यावर येनारच की."

पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा ओट्यासमोर तिघी होत्या, आणि लिंबाआड तानूबाई. बहुधा भांडायला आली असावी. बाईंनी पुस्तक उघडलं. पान चारशे अडतीस. पहिलं वाक्य वाचलं, दुसरं अर्धं वाचलं आणि थांबल्या. त्यांच्या ओठांवर घाम होता. मी त्यांना भ्यालेलं तेव्हा एकदाच बघितलं.

"मला हे वाचवत नाही," त्या म्हणाल्या आणि पुस्तक मिटलं.  मग त्या म्हणाल्या, "पुस्तक राहू द्या. मी माझं सांगते. मी सातव्या महिन्यात जन्मले. आमच्या वाड्यात तेव्हा तुमच्यापैकी कुणी पाय ठेवत नव्हतं. आमच्या घरचं पाणी चालत नव्हतं. तेव्हा ही हौसामावशी, वीस-बावीस वर्षांची, कुणाला न जुमानता आमच्या घरात आली आणि मला—"

"खोटं सांगू नगं," मागून आवाज आला.

बाई वळल्या.

"कुनाला न जुमानता काय," हौसामावशी म्हणाली. "तुझी आजी बोलवाया आली तवा म्या न्हाई म्हनलं. दार लावून घेतलं. दुसऱ्या रोजी आली, तवाबी न्हाई. सासू मारंल, लोक वाळीत टाकतील. भ्याले हुते म्या."

"मला आईने असं सांगितलं नाही."

"तुझी आई शानी हुती. तिसऱ्या रोजी तुझी आजी आली ती बोललीच न्हाई. दारात बसली. तुला फडक्यात गुंडाळून आनली हुती, निळी पडल्याली. उंबऱ्याभायेर ठिवली आन् म्हनली, 'तू हात लावू नगंस. नुसतं सांग, कसं करू.' म्या सांगत बसले. तिला काय जमंना. तिचं हात कापत हुतं. मंग म्या..." म्हातारीने दोन्ही हात पुढे केले आणि परत मांडीवर ठेवले. "तवा मलाबी वाटत हुतं, शिवलं तर काय व्हईल. काय व्हनार? प्वार रडाया लागलं. बास."

नऊशे बारा पानांत हे नव्हतं. चंद्राने पहिल्या क्षणी नकार दिल्याचं एक वाक्यही नव्हतं. ओव्हाळबाईंनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला.  तानूबाईने घागर एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली, "दोनदा न्हाई म्हनालात व्हय, मावशी?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

त्यानंतर दहा-बारा दिवस माझं तिकडे जाणं झालं नाही. मालिकेत चंद्राला जाळलं, आणि प्रेक्षकांच्या आग्रहामुळे पुढच्या आठवड्यात परत आणलं. ती पुढे किती चालली ते मी बघितलं नाही.

मी गेलो तेव्हा सकाळचे अकरा वाजत होते. वाचनाच्या वेळेला अवकाश होता, तरी ओट्याजवळ बायका होत्या. अंगणात पाट मांडलेला. रेश्मा बाळाला घेऊन उभी होती, तिच्या मागे तानूबाई. तानूबाईच्या हातात तेलाची वाटी होती, घरून आणलेली.

"तुमी भ्याला हुतात, मीबी भ्याले हुते. तेल आमचंच लावा," ती म्हणाली.

"लाव बाई तुझंच," हौसामावशी पाय लांब करत म्हणाली. "हात तेवढं माझं."

रेश्माने बाळ दिलं, पण त्याचं एक पाऊल आपल्या मुठीत धरून ठेवलं आणि पाटाशेजारी उकिडवी बसली. मावशीने दुसऱ्या, मोकळ्या पायाला तेल लावायला घेतलं.

ओव्हाळबाई चुलीपाशी होत्या. धुराने डोळे लाल झालेले, पदर खोचलेला, कपाळाला राख. त्यांनी बादलीत कढत पाणी ओतलं, वर गार पाणी घातलं, बोट बुडवून बघितलं, पुन्हा गार घातलं.

"आगं ती काय नदी करतीस का?" मावशी ओरडली. "इसन किती घालशील! काढ त्यातलं. एवढी शिकलीस, पानी इसनता येत न्हाई?"

"किती कढत लागतं ते सांग ना मग."

"सांगून कळत असतं व्हय? कोपर घाल. बोटाला काय कळतंय."

बाईंनी कोपर बुडवलं, चटका बसून मागे घेतलं, आणि बायका हसल्या. तानूबाईसुद्धा. केव्हा तरी रेश्माच्या मुठीतून बाळाचं पाऊल सुटलं होतं. केव्हा ते मला सांगता येणार नाही. मी बादलीकडे बघत होतो.

बाळ आधी किंचाळलं, मग धुरी घेता घेता गप्प झालं. पुसून, गुंडाळून द्यायची वेळ आली तेव्हा रेश्मा ओलं फडकं पिळत होती. मावशीने इकडे तिकडे बघितलं आणि ते गाठोडं ओव्हाळबाईंच्या मांडीवर ठेवून दिलं. बाई ताठ बसल्या. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी एक हात बाळाच्या डोक्याखाली गेला आणि तिथेच राहिला.

ऊन डोक्यावर आलं. आणखी बायका आल्या, लिंबाखाली बसल्या. कुणीतरी आतून जाड पुस्तक आणून ओट्यावर ठेवलं.

"बाई, चला की म्होरं. तवापासनं चारशे अडतीसवरच हाय."

ओव्हाळबाईंनी मान वर केली नाही. मांडीवरच्या हाताचं एक बोट उचललं आणि थांबा म्हणून हलवलं. बायका काही वेळ थांबल्या. मग एकीने शेंगांचं सूप पुढे ओढलं, दुसरीने हात घातला, आणि सगळ्या आवाज न करता शेंगा फोडू लागल्या.

दीड वाजता मी निघालो. बाळ झोपलेलंच होतं. वाचन झालं नाही.